जुन्या सुती साडीचं दुपटं, आणि उरलेल्या कापडाच्या दोन वस्तू

घरात बाळ येणार म्हटलं की बाळंतविड्याची यादी निघते: झबली, टोपडी, लंगोट, कुंची, दुपटी. यातलं दुपटं विकत आणायची खरं तर गरज नसते. कपाटाच्या तळाशी आईची किंवा आजीची एखादी सुती साडी घडी करून ठेवलेली असतेच; नेसायला विरलेली, पण टाकवत नाही अशी. दुपट्यासाठी याहून चांगलं कापड दुकानात मिळत नाही, असं मी मनापासून सांगते. वर्षानुवर्षं धुतल्यामुळे त्यातली खळ निघून गेलेली असते, जायचा तेवढा रंग गेलेला असतो, आटायचं ते आटून झालेलं असतं. सूत इतकं मऊ झालेलं असतं की नवं कोरं कापड त्याच्यापुढे खरखरीत लागतं.

हे काम ज्यांनी कधी सुई धरलेली नाही त्यांनाही जमतं, कारण यात टाका एकच आहे: धावदोरा. सुई खाली, सुई वर, सरळ रेघेत. मशीन लागत नाही, भरतकाम यावं लागत नाही. लागतो तो वेळ. रोज तासभर दिला तर एक दुपटं साधारण दोन आठवड्यांत होतं.

आपल्याकडे मोठ्या माणसांच्या पांघरुणाला कुठे गोधडी म्हणतात, कुठे वाकळ. जुन्या कापडाचे थर एकमेकांवर ठेवून धावदोऱ्याने जोडायचे, ही रीत देशभर आहे. बंगालची कांथा, बिहारची सुजनी, सिंध-राजस्थानकडची रल्ली ही सगळी याच घराण्यातली. उत्तर कर्नाटकातल्या सिद्दी समाजाच्या बायका ‘कवंदी’ शिवतात, तीही याच पद्धतीची. या सगळ्यांत लहानात लहान आणि सोपं काम म्हणजे दुपटं. म्हणून शिकणाऱ्याने सुरुवात इथून करावी, थेट मोठ्या गोधडीला हात घालू नये. मोठी गोधडी अर्धवट राहून माळ्यावर जाते. दुपटं पुरं होतं.

काय काय लागतं

एक सुती सहावारी साडी. शिवायला साध्या सुती दोऱ्याची दोन-तीन रिळं, आणि टाचणासाठी वेगळ्या, उठून दिसणाऱ्या रंगाचं एक रीळ. सुयांचं एक पाकीट, ज्यात जरा लांब आणि मोठ्या नेढ्याची सुई असेल. दाभण नको, ते पोत्यांचं हत्यार आहे, मऊ साडीला भोकं पाडतं. कात्री धारेची हवी. मोजायला टेप, आखायला शिंप्याचा खडू किंवा वापरून पातळ झालेल्या साबणाची चकती. साबणाची रेघ पहिल्या धुण्यात निघून जाते, म्हणून मला तीच आवडते. बोटाला अंगुस्तान घातलं तर उत्तम. चार थरांतून सुई ढकलताना मधल्या बोटाचं टोक पहिल्याच दिवशी दुखायला लागतं. साडी घरचीच असल्याने बाकी खर्च थोडक्यात भागतो.

दोऱ्याचा हिशेब आधीच केलेला बरा, कारण अर्ध्यात दोरा संपला आणि त्याच रंगाचा मिळाला नाही की चुटपूट लागते. आपण साधारण ९० सेंटीमीटर बाय १०७ सेंटीमीटरचं दुपटं करणार आहोत. रेघांमध्ये २ सेंटीमीटर अंतर ठेवलं तर एकूण शिवण जवळजवळ ५० मीटर भरते. दोरा दुहेरी घ्यायचा आणि वर-खाली जाताना तो जास्त खर्ची पडतो, म्हणजे सव्वाशे-दीडशे मीटर धरून चालावं. रिळावर मीटर लिहिलेले असतात, ते बघूनच घ्यावं.

साडी पारखणे

आधी ती खरंच सुती आहे का ते बघा. दिसायला सुती वाटणाऱ्या पुष्कळ साड्यांत कृत्रिम धागा मिसळलेला असतो. काठाजवळून एक धागा ओढून काढा आणि मोठ्या माणसाने तो स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी, चिमट्यात धरून जाळून पाहा. सुती धागा कागदासारखा भुरुभुरु जळतो आणि बोटात चुरगळणारी राख उरते. कृत्रिम धागा वितळतो आणि त्याचा टणक मणी होतो. असं कापड घाम शोषत नाही. दुपट्याला ते घेऊ नये.

मग साडी खिडकीत उजेडासमोर धरून इंच इंच बघा. जिथे उजेड जास्त झिरपतो तिथे सूत विरलंय. दोन्ही अंगठ्यांनी कापड हलकेच ताणा. फटकन फाटलं तर तो भाग बाद. नुसतंच सैल झालं तर तो भाग आतल्या थरांना चालतो. बारीक चिरा पडल्या असतील, जळक्याचं भोक असेल, तर तेवढ्या जागी आतून एक ठिगळ लावलं की झालं. दुपट्याच्या पोटात ते कुणाला दिसत नाही आणि तिथली ऊब थोडी वाढतेच. जरीचा काठ असेल तर तो पूर्ण कापून बाजूला काढा. जरीने बाळाच्या कातडीला ओरखडे पडतात.

साडी एकदा धुऊन, कडक उन्हात वाळवून, इस्त्री करून घ्या. सोबत एखादा नवा तुकडा वापरायचा विचार असेल तर तो दोनदा धुवा आणि त्याचा रंग तपासा: पांढरा रुमाल ओला करून त्यावर ठेवा आणि वरून गरम इस्त्री फिरवा. रुमालाला रंग लागला तर तो तुकडा पुढे धुताना सगळं दुपटं रंगवील.

कापणे

सहावारी साडी साधारण साडेपाच मीटर लांब आणि ११० ते ११५ सेंटीमीटर रुंद असते. आपल्याला चार थर हवेत. तीन थरांचं दुपटं फार पातळ होतं, आणि पाचव्या थराला नवशिक्याच्या हातातली सुई अडकते.

सगळ्यात चांगला, डाग नसलेला भाग खालच्या थरासाठी राखून ठेवा. तो ९८ सेंटीमीटर लांब कापायचा आणि त्याची रुंदी पूर्ण ठेवायची, म्हणजे ११५. बाकीचे तीन थर ९० सेंटीमीटर लांब, आणि दोन्ही बाजूंनी ४-४ सेंटीमीटर कापून १०७ रुंद. यामुळे खालचा थर चारही बाजूंनी ४ सेंटीमीटर बाहेर राहतो. तोच शेवटी वर दुमडला की कडा बंद होतात, वेगळा गोट लावावा लागत नाही. शिवाय साडीचा काठ सुती आणि मऊ असेल, तर दुमडल्यावर त्याची पट्टी दोन बाजूंना आपसूक वर येते. साडीची रुंदी कमी भरली तर त्या बाजूचं माप तेवढंच कमी करा. ४ सेंटीमीटरचा हिशेब मात्र सोडू नका.

जुनं कापड टरकन फाडून सरळ फाटत नाही, मध्येच वाकडं जातं. त्यापेक्षा जिथे कापायचं तिथे आडवा एक धागा ओढून काढा. त्याची बारीक रेघ कापडात दिसते, तिच्यावरून कात्री चालवा.

थर अंथरणे आणि टाचणे

या कामात घाई केली तर पुढचं सगळं बिघडतं. दुपटं नीट होणार की त्याला गुठळ्या येणार हे शिवताना नाही, अंथरताना ठरतं.

फरशी स्वच्छ पुसून कोरडी करा. खालचा थर सुलट बाजू फरशीकडे करून अंथरा. चारही कोपऱ्यांवर काहीतरी जड ठेवा: पाट, खलबत्ता, डाळीचे डबे, घरात असेल ते. कापड ताणायचं नाही, फक्त सुरकुती जाईल इतपत सपाट करायचं. त्यावर दुसरा थर मधोमध ठेवून तळहाताने मध्यापासून कडेकडे हात फिरवत जा. मग तिसरा, तसाच. जो भाग विरलेला आहे तो या दोन थरांत येऊ द्या, आणि दोन्ही थरांतल्या विरलेल्या जागा एकावर एक येणार नाहीत असं बघा. सगळ्यात वर चौथा थर, सुलट बाजू वर.

आता टाचण. रंगीत दोरा ओवून ५-६ सेंटीमीटरचे मोठे मोठे टाके घाला. आधी मधोमध उभी रेघ, मग आडवी, मग दोन्ही कर्ण. त्यानंतर वीतभर अंतरावर आणखी रेघा. प्रत्येक वेळी सुरुवात मध्यातून आणि शेवट कडेला, म्हणजे कुठे फुगवटा असलाच तर तो बाहेर निघून जातो. टाचणाला सेफ्टी पिनाही चालतात, पण त्या लावताना मोजा, काढताना पुन्हा मोजा आणि आकडा कागदावर लिहून ठेवा. बाळाच्या अंथरुणात एकही पिन राहता कामा नये.

टाचून झालं की दुपटं उचलून झटका आणि उलटं करून बघा. खालून चुण्या दिसल्या तर तेवढं टाचण उसवून परत घाला. हा वेळ वाया जात नाही.

कडा

खालच्या थराची बाहेर राहिलेली पट्टी अर्धी, म्हणजे २ सेंटीमीटर, आत दुमडा. तिची कड वरच्या थराच्या कडेला टेकेल. मग तीच पट्टी आणखी एकदा वरच्या थरावर दुमडा. नखाने दाबून घडी पक्की करा. आधी समोरासमोरच्या दोन बाजू, नंतर उरलेल्या दोन. कोपऱ्यात कापडाचा गठ्ठा जमतो, तिथे आतल्या पट्टीचा छोटा तिरका तुकडा कापून टाकला की कोपरा सपाट बसतो. ही पट्टी बारीक टाक्यांनी चारही बाजूंनी शिवून घ्या. दुपट्याची कडच आधी झिजते, म्हणून इथले टाके सगळ्यांत जवळजवळ असावेत.

धावदोरा

दोरा दीड हातापेक्षा लांब घेऊ नका. लांब दोरा म्हणजे कमी वेळा ओवावं लागेल असं वाटतं, पण त्याला गाठी पडतात आणि त्या सोडवण्यात दुप्पट वेळ जातो. दोरा मेणबत्तीवरून एकदा ओढून घेतला तर कमी गुंततो.

गाठ बाहेर ठेवायची नाही. सुई कडेपासून बोटभर आत, फक्त वरच्या थरातून खाली घाला, थरांच्या मधून नेऊन रेघेच्या सुरुवातीला वर काढा आणि हलका हिसका द्या. गाठ ‘टच्’ असा आवाज करून आत शिरते. रेघ संपल्यावरही शेवटचे दोन-तीन टाके जागच्या जागी घालून दोरा थरांच्या आत लपवा आणि मग कापा. बाळाची इवली बोटं सुट्या दोऱ्यात अडकू शकतात, त्यामुळे ही गोष्ट हौसेची नाही, गरजेची आहे.

टाका साधारण अर्ध्या सेंटीमीटरचा. सुईवर तीन-चार टाके एकदम घ्या आणि मग दोरा ओढा. ओढताना कापड चुणणार नाही इतकाच. प्रत्येक टाका चारही थरांतून खाली पोचतोय ना, हे खालून बोट लावून तपासत राहा. वर सुंदर रेघ आणि खाली काहीच नाही, असं सुरुवातीला सगळ्यांचंच होतं. सुई तिरकी न घालता जवळजवळ उभी घातली की ती खाली पोचते.

रेघांमधलं अंतर आखून घेतलं तर चालतं, पण जुन्या बायका डाव्या हाताचं बोट मागच्या रेघेवर ठेवून त्याच्या कडेने पुढची रेघ घालतात. एक बोट म्हणजे दीड-दोन सेंटीमीटर. एकदा ही सवय झाली की टेपची आठवणही येत नाही.

सुरुवात कुठून? आपल्याकडच्या पुष्कळ गोधड्या, तशीच सिद्दी बायकांची कवंदीही, कडेने गोल फिरत आत मध्यापर्यंत शिवत जातात. चौकोनात चौकोन असं ते रूप फार देखणं दिसतं. पण त्यात आतलं सैल कापड मध्याकडे ढकललं जातं आणि हाताला सराव नसेल तर शेवटी मधोमध टेंगूळ येतं. म्हणून पहिल्या दुपट्याला मध्यातून एक सरळ रेघ घाला आणि तिच्या दोन्ही बाजूंना समांतर रेघा घालत कडेपर्यंत जा. चौकोनांचा मोह दुसऱ्या दुपट्याला पुरवा.

एखाद्या ठिकाणी चुणी शिवली गेली तर सगळं उसवू नका. तेवढीच रेघ टोकापासून सोडवा, हात फिरवून कापड बसवा, पुन्हा घाला. रेघ थोडी वाकडी झाली तर ती तशीच राहू द्या. पहिल्या धुण्यानंतर ती शोधूनही सापडत नाही. शेवटची रेघ झाली की रंगीत टाचण कापून ओढून काढा.

या कामाला घरातल्या सगळ्यांना बसवता येतं. सहा-सात वर्षांच्या मुलांना सुईत दोरा ओवून द्यायचं काम द्या. आजीला नेढं दिसत नाही आणि नातवाला शिवता येत नाही, असे दोघं मिळून एक पूर्ण कारागीर होतात. आजीचा हात मात्र अजून सराईत असतो. तिला कडेची पट्टी द्या, तिथे सगळ्यांत सफाई लागते. घरातल्या प्रत्येकाने वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने एक-एक रेघ घातली तर फारच छान. कुणाची कोणती रेघ हे बाळ मोठं झाल्यावर त्याला दाखवता येतं.

धुणे आणि वापरणे

शिवून झाल्यावर दुपटं लगेच वापरायला घेऊ नका. साबणाच्या रेघा, हाताचा घाम, फरशीची धूळ त्याला लागलेली असते. सौम्य साबणाने किंवा रिठ्याच्या पाण्याने धुऊन, भरपूर पाण्यात खळबळून, उन्हात वाळवा. ओलं दुपटं जड होतं. एका दोरीवर टांगलं तर ताणून वाकडं होतं, म्हणून दोन दोऱ्यांवर पसरून टाका. वाळल्यावर टाक्यांच्या मधलं कापड बारीक फुगतं आणि सगळीकडे नाजूक सुरकुत्या येतात. गोधडीचं खरं रूप तेच. इस्त्री करून ते घालवू नका.

तान्ह्या बाळाला झोपेत सैल पांघरूण घालू नये, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात, कारण ते तोंडावर येऊ शकतं. पहिलं वर्ष दुपटं अंगाखाली, मांडीवर घेताना, तेल लावताना, जमिनीवर खेळायला ठेवताना वापरा. ठेवणीतल्या दुपट्यांत डांबरगोळ्या टाकू नका. त्यांतल्या नॅप्थलीनमुळे काही बाळांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ वाढते. कडुनिंबाचा सुकलेला पाला कापडी पुरचुंडीत बांधून ठेवला तरी पुरतो.

दुपटं जमल्यावर मोठ्या गोधडीची इच्छा झाली तर नऊवारी शोधा. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर. तिचे दोन-दोन मीटरचे चार थर होतात, म्हणजे एका माणसाची अरुंद गोधडी एकाच लुगड्यात बसते. कृती अगदी हीच, फक्त टाचण आणखी जवळजवळ.

उरलेल्या कापडाचं काय

साडीतून पावणेदोन मीटरच्या आसपास कापड उरतं. त्यातून पहिल्यांदा गरम भांडी उतरवायची फडकी करा. १८ सेंटीमीटरचे चौकोन कापा, एका फडक्याला सहा, आणि त्यांच्या मधोमध जुन्या टॉवेलचा एक चौकोन घाला. सगळं कापड सुतीच हवं, कृत्रिम कापड तव्याला चिकटून वितळतं. एकेक सेंटीमीटरवर धावदोरा घालून कडेला गोट लावा, एका कोपऱ्यात टांगायला नाडी. दोन संध्याकाळींत जोडी होते. ओल्या फडक्याने गरम भांडं कधीच धरू नका; पाण्यातून उष्णता झटकन हाताला पोचते.

दुसरी वस्तू वेणीचं पायपुसणं. त्याला साडीपेक्षा जुनी चादर बरी, आणि मुलांच्या हाताला हे काम फार आवडतं. चादरीच्या ५ सेंटीमीटर रुंद पट्ट्या काढा. त्या जोडायला शिवायची गरज नाही. दोन्ही पट्ट्यांच्या टोकांना बटणाच्या काजाएवढी चीर द्या, नव्या पट्टीचं टोक खालच्या बाजूने जुन्या पट्टीच्या चिरेतून वर काढा, मग नव्या पट्टीचं दुसरं टोक तिच्याच चिरेतून ओवून पूर्ण ओढून घ्या. गाठ लहान आणि पक्की बसते. अशा तीन लांब पट्ट्या, प्रत्येकी साधारण ९ मीटर, दाराच्या कडीला बांधून वेणी घाला. ४५ सेंटीमीटर व्यासाच्या गोल पायपुसण्याला साडेसहा मीटर वेणी लागते, आणि एका सिंगल चादरीत हे होऊन कापड उरतं. तिन्ही जोड एकाच जागी येऊ देऊ नका, नाहीतर वेणीला तिथे गाठोडं दिसतं. पहिल्या पट्ट्या मुद्दाम कमी-जास्त लांबीच्या घ्या.

वेणी जमिनीवर सपाट ठेवून गोल गुंडाळत जा आणि शेजारच्या दोन फेऱ्या जाड दोऱ्याने आतल्या बाजूने एकमेकींना शिवत जा. इथे दाभण चालतं. मांडीवर घेऊन शिवू नका. मांडीवर वेणी नकळत ताणली जाते आणि पायपुसण्याची टोपली होते. कडा वर उचलायला लागल्या की समजा वेणी ओढली जातेय. मागची एक फेरी उसवून ती सैल सोडत शिवा. कडेला लाटा येत असतील तर उलट, जरा ओढून घ्या. शेवटच्या वीतभर लांबीत पट्ट्या अर्ध्या रुंदीच्या कापून वेणी निमुळती करा आणि टोक खालच्या बाजूला शिवून टाका. गुळगुळीत टाइल्सवर टाकणार असाल तर खाली घसरण थांबवणारी रबरी जाळी घाला, विशेषतः घरात वयस्क माणसं असतील तर.